सैनिकाचं काळीज

दिल्लीहून पानिपत नव्वद किलोमीटर. रविवारी पहाटे निघालं तर दीड-दोन तासांत माणूस पोचतो. मला पोचायला साडेचार महिने लागले.

सुरुवात धौला कुआंला झाली. नोव्हेंबरातली संध्याकाळ, ऑफिसातून घरी निघालो होतो. रिंग रोडवर गाड्या जागच्या जागी थांबलेल्या, हवेत तो दिल्लीचा जळका वास. अचानक छाती धडधडायला लागली. बोटं बधिर, तोंडाला कोरड, श्वास गळ्यापर्यंत येऊन परत जातोय असं वाटलं. ‘आता काही खरं नाही,’ एवढंच डोक्यात आलं. गाडी कडेला लावून दार उघडलं आणि फुटपाथवर बसलो. वीस मिनिटांनी सगळं ओसरलं. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ.

पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा झालं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला ड्युटीवर एक तरुण कॅप्टन डॉक्टर होता. त्यानं कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, “सर, दिल एकदम ठीक है. आप डरे हुए हैं.”

वीस वर्षं नोकरी केलेल्या इन्फन्ट्रीच्या माणसाला हे ऐकवायला धाडस लागतं. मला राग आला. मी नियंत्रण रेषेवर तीन हिवाळे काढलेत, गोळीबार ऐकत जेवलोय, मी कसला घाबरतो? आणि घाबरायचंच असतं तर तिथे घाबरलो असतो. दिल्लीत, फायलींच्या ढिगात, बायको-मुलांसोबत राहताना कशाला? मला लढाईची स्वप्नं पडत नव्हती. कुठली जुनी घटना डोळ्यांपुढे येत नव्हती. नुसती भीती होती, आणि लवकरच त्या भीतीची भीती सुरू झाली. रिंग रोड टाळायला लागलो. मग मेट्रो. मग कुठल्याही बैठकीत दाराजवळची खुर्ची.

अडचणीत सापडलो की मी वाचतो, ही जुनी खोड. डॉक्टरकडे परत जाण्याऐवजी मी लायब्ररीत गेलो. लपायला ती जागा बरी असते. पण तिथे एक गोष्ट हाती लागली, ती आपल्या वर्दीतल्या लोकांनी ऐकावी अशी आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब दा कोस्टा नावाचा डॉक्टर फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात होता. त्याच्याकडे असे शिपाई यायचे की ज्यांची छाती धडधडते, दुखते, दम लागतो, चक्कर येते; आणि तपासलं तर हृदयात दोष सापडत नाही. अशा तीनशेहून अधिक जणांची निरीक्षणं त्यानं १८७१ साली छापली. त्यानं नाव दिलं ‘चिडखोर हृदय’. लोकांनी त्याचं ‘सोल्जर्स हार्ट’ केलं. सैनिकाचं काळीज. माझी लक्षणं त्या यादीत जवळजवळ क्रमानं होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा शिपायाशी आपली अशी ओळख निघेल असं वाटलं नव्हतं.

नाव काळजाचं पडलं ह्यात मला तरी सोय दिसते. काळजाचा आजार माणसाला खाली बघायला लावत नाही. मराठीत काळीज आणि काळजी शेजारी शेजारी राहतात (व्युत्पत्ती पंडितांवर सोपवतो), पण पलटणीत ‘छातीत दुखतंय’ म्हणता येतं, ‘काळजी वाटतेय’ म्हणता येत नाही.

पहिल्या महायुद्धातही हेच. १९१५च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्सनं ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. कल्पना अशी की तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मज्जासंस्थेला इजा होते. पुन्हा शरीराचीच सबब. मग लक्षात आलं की ज्यांच्या आसपास गोळा पडलाच नाही तेही थरथरतायत. तेव्हा मात्र सहानुभूती आटली. भ्याडपणा, पळून जाणं वगैरे आरोपांखाली ब्रिटिश सैन्यानं आपल्याच ज्या माणसांना गोळ्या घातल्या, त्यांतल्या ३०६ जणांना २००६ साली कायद्यानं माफी मिळाली. नव्वद वर्षांनी.

आपली माणसं त्या युद्धात कमी नव्हती. मी रोज इंडिया गेटवरून जातो. त्या दगडावर तेरा हजारांवर नावं आहेत, पण नाव कोरायला मरावं लागतं. जे जिवंत परतले आणि घरी अंगणात रात्रभर बसून राहिले त्यांची नावं कुठे कोरतात? फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर वाचायचे. हॉवेल नावाच्या सेन्सॉर अधिकाऱ्यानं एक नोंद करून ठेवलीय: हे लोक पत्रांत कविता लिहायला लागलेत, आणि हे मन अस्वस्थ असल्याचं लक्षण वाटतं. मला ही नोंद फार खरी वाटते. गावाकडचा शिपाई ‘मला भीती वाटते’ असं सरळ लिहीत नाही. तो पावसाबद्दल लिहितो, पाखरांबद्दल लिहितो. मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने उपासमार आणि मग शरणागती, पुढे तुर्कांची कैद. त्या तुकडीचं नावच सहावी पूना डिव्हिजन. सातारा-रत्नागिरीच्या कितीतरी घरांत ते लोक परत आले असतील.

माझे आबा असेच. एकाहत्तरच्या लढाईत ते मराठा पलटणीत शिपाई होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वाईजवळ आमचं गाव. मी लहान असताना रात्री जाग आली तर आबा ओसरीवर बसलेले दिसायचे, तंबाखू मळत. आई म्हणायची, “झोप तू, त्यांना उकडतंय.” पौषातसुद्धा त्यांना उकडायचं.

उपचाराचा धागा मला सापडला तो विल्यम रिव्हर्सपाशी. हा माणूस आपल्याकडे येऊन गेलेला. १९०१-०२ साली निलगिरीत राहून त्यानं तोडा लोकांवर अभ्यास केला. वेलिंग्टनला स्टाफ कोर्स करताना मी त्या वस्त्या पाहिल्या होत्या, पण रिव्हर्सचं नाव तेव्हा कानावर आलं नव्हतं. महायुद्धात तो एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार करत होता. त्या काळी सरसकट सल्ला असायचा की झालं ते विसरा, चांगलं काहीतरी मनात आणा. रिव्हर्स उलट म्हणाला. ढकलून दिलेली आठवण रात्री दुप्पट होऊन येते, तर दिवसा, कुणासमोर तरी, तिच्याकडे थोडं थोडं बघा. त्याच्या एका रुग्ण अधिकाऱ्याला आपल्या मित्राचं छिन्नविच्छिन्न शरीर सारखं दिसायचं. रिव्हर्सनं त्याला विसरायला सांगितलं नाही. त्यानं एवढंच दाखवून दिलं की ज्या शरीराची अशी अवस्था झाली त्या माणसाला मरताना यातना झालेल्या असणं शक्य नाही. तेच दृश्य, पण त्यात आता एक धरायची जागा होती. आधी ह्याचा अर्थ मला नीट कळला नव्हता. पुढे कळला.

दुसऱ्या महायुद्धातला जोसेफ वोल्पे तर माझा आवडता. दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यातला डॉक्टर. युद्धानं खचलेल्या सैनिकांना गुंगीचं औषध देऊन बोलतं करायचं, मनातलं बाहेर काढायचं, असा तेव्हाचा उपचार. वोल्पेनं तो प्रामाणिकपणे केला आणि प्रामाणिकपणे पाहिलं की फरक टिकत नाही. युद्धानंतर त्यानं मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात विजेचा झटका बसून घाबरलेली मांजरं पिंजऱ्याजवळ अन्नालाही तोंड लावत नसत. मग त्यानं त्यांना लांबच्या खोलीत खायला घातलं. ती खायला लागली की थोड्या जवळच्या खोलीत. मग आणखी जवळ. शेवटी मांजर त्याच पिंजऱ्यात बसून जेवायला लागलं. माणसांसाठी त्यानं हीच शिडी केली: आधी अंग सैल सोडायला शिकायचं, मग भीतीची यादी करायची, सगळ्यात हलकी पायरी आधी. १९५८ साली त्याचं पुस्तक आलं. त्याच्याही आधी १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाला असंच, खाऊ देत देत, सशाच्या जवळ आणलं होतं.

हे वाचून मी हसलोच. ही तर आपली ॲक्लमटायझेशन! लडाखला कुणी जवानाला विमानातून उतरवून थेट अठरा हजार फुटांवर पाठवत नाही. नऊ ते बारा हजार फुटांवर ६ दिवस, बारा ते पंधरा हजारांवर ४, त्याच्या वर आणखी ४. घाई केली तर फुप्फुसात पाणी भरून माणूस जातो, मग तो कितीही शूर असो. तिथे आम्ही कुणाला ‘मनाचा खंबीरपणा दाखव’ म्हणत नाही. शरीराला शिकायला वेळ लागतो हे मान्य आहे. मनाच्या बाबतीत मात्र आम्हाला खडकवासल्याची दहा मीटरची फळी आठवते: वर चढ, मागून आरोळी येते, उडी मार. उडी मारून माझी पाण्याची भीती गेली, हे कबूल. माझ्या एका कोर्समेटची वाढली. तो आजही समुद्रकिनारी चपला घालून बसतो.

पुढची पायरी आरन बेकची. हाही लष्करी रुग्णालयातून गेलेला. कोरियाच्या युद्धाच्या काळात तो पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज इथल्या सैनिकी रुग्णालयात मनोरुग्णांवर उपचार करत होता. बेकच्या लक्षात आलं की भावना येण्याआधी एक विचार झर्रकन जातो, इतका पटकन की माणसाला तो विचार न वाटता वस्तुस्थितीच वाटते. तो पकडायचा, कागदावर मांडायचा आणि पुरावा मागायचा. अल्बर्ट एलिसनं १९५५च्या सुमारास जवळपास हीच वाट वेगळ्या स्वभावानं, जरा दांडगाईनं, काढली होती. त्याची गोष्ट मजेदार आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याला मुलींशी बोलायची प्रचंड भीती वाटे. त्यानं न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक बाईशी बोलायचं ठरवलं. एकशेतीस जणींच्या शेजारी तो बसला. तीस उठून गेल्या, शंभरांशी बोलणं झालं, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. पण भीती गेली.

मराठी माणसाला ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती घरची वाटावी इतकी ती आपल्याकडे रुजली, त्याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांचं. मुंबईत राहून त्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, त्या संस्थेचे फेलो आणि सुपरवायझर झाले आणि हा विचार मराठीत आणला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. म्हणजे माझ्या शाळेच्या वयात हे सगळं मराठीत उपलब्ध होतं, आणि आमच्या घरात आबांना उकडतच होतं.

एवढं वाचून झालं तरी मी गेलो नव्हतो. कारण सांगतो, वर्दीतल्या वाचकांना ते माहीतच आहे. आमच्या वैद्यकीय श्रेणीत पाच अक्षरं असतात, ‘शेप’. त्यातलं पहिलं, एस, मनासाठी. एच कानासाठी, ए हातापायांसाठी, पी शरीरासाठी, ई डोळ्यांसाठी. गुडघा गेला म्हणून श्रेणी घसरली तर मेसमध्ये विनोद होतात. पहिल्या अक्षरापुढचा एक बदलून दोन झाला तर विनोद होत नाहीत, आणि तेच वाईट. बढतीचं बोर्ड दीड वर्षावर होतं.

शेवटी बायकोनं निकाल लावला. “अहो,” ती म्हणाली, “तुमच्या कंपनीतल्या जवानाला असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?” मी म्हटलं, हाताला धरून नेला असता. ती पुढे काही बोलली नाही.

गेलो. श्रेणी चोवीस आठवड्यांसाठी खाली आली, हे लपवत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी थोडं औषध दिलं आणि एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “भीती वाटते तेव्हा विचार कुठल्या भाषेत येतो?” मी म्हटलं, मराठीत. “मग मराठीत लिहा आणि मला हिंदीत सांगा.” दुसऱ्या आठवड्यात मी वही उघडून सांगितलं की त्या क्षणी मनात येतं, ‘आता काही खरं नाही.’ म्हणजे? मी शब्दाला शब्द ठेवला: “अब कुछ सच नहीं है.” त्या गोंधळल्या. “क्या सच नहीं है?” मी समजावत बसलो, आणि समजावता समजावता मलाच ते वाक्य लुळं वाटायला लागलं. काय खरं नाही? हृदय खरं आहे, ईसीजी खरा आहे, गाडीचा ब्रेक खरा आहे. रिव्हर्सच्या त्या अधिकाऱ्याची मला तेव्हा आठवण झाली.

मग त्यांनी मला खोलीत जागच्या जागी पळायला लावलं. नळीतून श्वास घ्यायला लावला. छाती धडधडायला लागली की विचारायच्या, आता काय होईल असं वाटतं? मिनिटभर थांबायचं. काहीच व्हायचं नाही. धडधड ही धडधडच आहे, मरणाची वर्दी नाही, हे शरीराला कळायला बऱ्याच फेऱ्या लागल्या. मी काय काय सोबत बाळगत होतो तेही त्यांनी काढून घेतलं: पाण्याची बाटली, फोनवर उघडून ठेवलेला रुग्णालयाचा नंबर, शेजारच्या सीटवर बायको. “ये आपकी बैसाखियाँ हैं,” त्या म्हणाल्या. बायकोला कुबडी म्हटलेलं मी घरी सांगितलं नाही.

आणि शिडी. बंद गाडीत दहा मिनिटं बसणं. कॅन्टमधल्या कॅन्टमध्ये फेरी. धौला कुआं, रविवारी पहाटे. धौला कुआं, कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला. ह्या एका पायरीवर मी पाच आठवडे अडकलो. दोनदा तर अर्ध्यातून परत फिरलो आणि त्या रात्री वाटलं की हे सगळं थोतांड आहे. मग आझादपूर. सिंघू. मुरथल. शेवटची पायरी कुठली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पानिपत. एकट्यानं. त्यांनी तेच का म्हणून विचारलं नाही, दिल्लीकरांना ते नव्वद किलोमीटरवरचं चादरींचं गाव.

पानिपत का, ते आमच्या गावामुळे. वाईपासून जवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. लहानपणी आम्ही त्या घाटावर पोहायचो. साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा म्हणजे नाना. अर्धा का, तर तलवार चालवत नव्हता. नाना भित्रा, असं गावात बिनदिक्कत म्हणायचे. १४ जानेवारी १७६१ला हा माणूस पानिपतावर होता, आणि तेव्हा त्याला एकोणीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती, हे मात्र कुणी सांगायचं नाही. आई आणि बायकोला घेऊन, तीर्थयात्रेच्या ओढीनं, तो सैन्याबरोबर उत्तरेत आला होता. युद्धाच्या संध्याकाळी अंगावरचे कपडे उतरवून तो पळाला. रात्रभर चालला. सोबतची माणसं डोळ्यांदेखत कापली गेली. गवतात लपला, झाडाचा पाला खाल्ला. बायको वाचली. आई परत आली नाही.

हे आपल्याला माहीत आहे कारण त्यानं ते लिहून ठेवलं. नानाचं छोटेखानी आत्मचरित्र आहे. त्यात पुढच्या चाळीस वर्षांचं राजकारण नाही. लहानपण आहे, मनाची चंचलता आहे, वासना आणि त्याबद्दलची टोचणी आहे, आणि मग पानिपत. बहुतेक तिथेच संपतं. राज्याचा कारभार पाहिलेल्या माणसानं स्वतःबद्दल लिहायला एवढंच निवडलं. अडीचशे वर्षांनंतर कुणावर रोगाची चिठ्ठी चिकटवणं मला पसंत नाही. नानाला अमुक झालं होतं असं मी म्हणणार नाही. पण अठराव्या शतकातला एक ब्राह्मण मुलगा ‘मी कपडे टाकून पळालो’ असं स्वतःच्या हातानं लिहितो, ह्याला मी भित्रेपणा म्हणायला आता तयार नाही. मी तर एस अक्षरापुढचा आकडा लपवायला लायब्ररीत बसलो होतो.

आपल्या भाषेत ‘पानिपत होणं’ असा वाक्प्रचार आहे. सगळं बुडालं की पानिपत झालं. परत आलेल्यांसाठी एखादा शब्द आठवून पाहिला, सापडला नाही.

मार्चच्या अखेरच्या रविवारी पाच वाजता निघालो. बाटली नाही, फोन डिकीत. मुकरबा चौकाच्या पुढे एकदा धडधड आली. मी तिला यायला सांगितलं, म्हणजे खरंच मोठ्यानं, मराठीत, “ये, बस.” कुंडलीपर्यंत ती बसली होती. मुरथलच्या ढाब्यांचे दिवे मागे पडले तेव्हा कधी उतरून गेली कळलं नाही. गन्नौर, समालखा, दोन्हीकडे पिवळा पडत चाललेला गहू.

काला आंबला पोचलो तर फाटकावर एकच माळी होता. विटांचा स्तंभ, भोवती राखलेली हिरवळ. ज्या आंब्यावरून नाव पडलं तो केव्हाच गेलाय. एक कुटुंब आलं होतं, नंबर प्लेट एमएच बाराची. त्यातले आजोबा स्तंभाला हात लावून डोळे मिटून उभे होते.

डिकीतून फोन काढून आबांना लावला. त्यांना सगळं मी जानेवारीतच सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “डॉक्टरनं इंजेक्शन दिलं का?” मी म्हटलं, गोळ्या आहेत, पण जास्त करून बोलायला लावतात. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या वेळी कुणी इचारलं नाय.” त्यांना मी चौदा चार सोळा, १४४१६, हा टेलिमानसचा नंबर लिहून दिलाय, सैन्यातल्या लोकांसाठी त्याचा एक विभाग २०२३च्या डिसेंबरपासून पुण्यात एएफएमसीमध्ये चालतो. नंबर त्यांनी कॅलेंडरवर, गॅसच्या नोंदीखाली, लिहिलाय असं आई सांगते. लावला की नाही, मी विचारलेलं नाही.

“आबा, पानिपतला आलोय,” मी म्हटलं.

“एकटाच?”

“एकटाच.”

“परत कधी निघतोस?”

“आत्ता. मुरथलला पराठे खाऊन.”

“लोणी कमी खा,” आबा म्हणाले आणि फोन ठेवला.